दस्ता नुसता शोभेचा नाही



बंदुकीचा धक्का काडतूस ठरवतं, दस्ता केवळ शोभेला, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं अर्धंच पटलं. धक्का किती, हे काडतुसाचा जोर आणि बंदुकीचं वजन ठरवतं, मान्य. पण तो कुठे बसणार, हे दस्त्याच्या हाती. दस्त्याची टाच नळीच्या रेषेखाली फार उतरली, की बार होताच नळी वर उसळते आणि दस्त्याची वरची कड गालफडात बसते. सरळ दस्ता तोच जोर थेट खांद्यात नेतो. बूड रुंद असेल तर मार पसरतो. दस्ता फार लांब असला तर खांदा सोडून दंडावर घसरतो, आखूड असला तर स्वतःचाच अंगठा नाकावर. ली-एन्फील्ड रायफलीला वेगवेगळ्या लांबीचे दस्ते उगाच बनत नव्हते. लष्कराला शोभेची हौस कधीपासून?

आमच्या पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांच्या ‘लक्ष्य’ क्लबात एअर रायफल शिकवतात. तिला धक्का नावापुरता, तरी असल्या रायफलींचा गालाचा आधार नि खांद्याची पट्टी नेमबाजाच्या मापानेच बसवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले, पण कोकणात पीक राखायला परवान्याची बंदूक अजून दिसते. आजोबांच्या मापाची ती बंदूक नातू खांद्याला लावतो, दुसऱ्या बाराला आधीच डोळे मिटतो आणि नेम चुकला की खापर काडतुसावर!

— एक वाचक, विचुंबे (पनवेल)