तिसाव्या मिनिटाची घाई नको

सातारा-सांगलीकडे आता तालुक्याच्या गावातली मुलंमुलीही लघुपट करतात. चित्रीकरण मोबाइलवर, संकलनही मोबाइलवर, आणि गॅदरिंगच्या आधी रात्री जागून सगळं उभं करायचं. त्यांच्या पटकथा वाचायला मिळतात तेव्हा विषय पाहूनच आनंद होतो. सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी विट्याकडून दूर मुलखात गेलेला भाऊ, ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणारी पोर, कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं आजोळ. पण चार पानं पुढे गेलं की गलाईवाला भाऊ आणि ऊसतोडीची पोर एकाच चालीनं चालू लागतात. ठरल्या ठिकाणी संकट येतं, ठरल्या ठिकाणी मार्ग दाखवणारं कुणी भेटतं, शेवटाच्या थोडं आधी सगळं हातातून गेल्यासारखं होतं आणि मग विजय. असं का, म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "सर, स्ट्रक्चर तसंच असतं ना?"

तसंच नसतं. म्हणून हे आवाहन.

रचनेचा अभ्यास करू नका, असं मी सांगत नाही. उलट नीट करा, म्हणजे तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे कळेल. ॲरिस्टॉटलनं ग्रीक शोकांतिकांवर लिहिताना म्हटलं की कथानकाला आरंभ, मध्य आणि अंत हवा आणि एकातून दुसरं निघायला हवं. आपल्या नाट्यशास्त्रात पाच अवस्था आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. व्लादिमीर प्रॉप यांनी रशियन परीकथा तपासून १९२८ मध्ये त्यांतले ३१ घटक मांडले. जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये जगभरच्या पुराणकथांत नायकाचा एकच प्रवास दिसतो असं म्हटलं. आणि १९७९ मध्ये सिड फील्ड यांचं पटकथालेखनावरचं पुस्तक आलं. पटकथा साधारण १२० पानांची, एक पान म्हणजे एक मिनिट, पहिला अंक तीसेक पानांचा आणि तो संपता संपता कलाटणी. कार्यशाळांत आणि व्हिडिओंत आज जे शिकवलं जातं ते बहुतेक या शेवटच्या दोघांचं असतं.

या सगळ्यांनी आधी होऊन गेलेल्या गोष्टी पाहिल्या आणि मग निष्कर्ष काढले. फील्ड यांचं पानांचं गणित हॉलिवूडच्या पटकथांवरून आलं. आठ मिनिटांच्या लघुपटाला ते लावायचं कशाला? तुमची गोष्ट अजून कागदावर उतरलेली नाही आणि तिची मापं आधीच ठरली, हे बरोबर नाही.

मग करायचं काय? यासाठी लांब जायला नको, आटपाडीपर्यंत गेलं तरी पुरे. आज सांगली जिल्ह्यात असलेला हा तालुका पूर्वी औंध संस्थानात होता. याच मुलखातून दोन सख्खे भाऊ आले, ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर. दोघांनी याच मातीतल्या दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यांची रचना एकमेकींच्या अगदी उलट केली. पटकथा शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

थोरल्या भावाची गोष्ट म्हणजे 'दो आँखें बारह हाथ'. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९५७ चा, लेखन गदिमांचं. मुळाशी खरी घटना आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याकडे आलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रयत्नांतून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. ना भिंत, ना बेड्या. कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात.

आता पटकथाकाराच्या जागी बसून पाहा. स्वतंत्रपूर हा रोजच्या रोज चालणारा प्रयोग. सकाळी शेतावर जायचं, संध्याकाळी परत यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याचं मोलही याच रोजच्या चालण्यात आहे. पण पडद्यावर अडीच तासांत ते दिसणार कसं? गदिमांनी सगळी वसाहत घेतली नाही. खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी घेतले आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर, आदिनाथ. पहिल्याच भागात एक प्रश्न उभा राहतो: बेड्या काढल्यावर ही माणसं थांबतील का? त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक प्रसंग हाच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि दर वेळी अधिक कठीण करून विचारतो. ओसाड जमीन कसताना विचारतो. कैदी पळून जातात आणि परत येतात, तेव्हा विचारतो. ते बाजारात स्वस्त भाजी विकू लागतात, व्यापाऱ्याचे गुंड त्यांना मारतात, आणि हात उचलायचा नाही असा शब्द दिलेला असतो, तेव्हा तर फारच कठीण करून विचारतो. ज्या हातांनी खून केले तेच हात मार खात खाली राहतात. चित्रपटाचा खरा कळस मला हा वाटतो. पुढे शेतात घुसवलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ मरतो आणि शेवटचा प्रश्न उरतो: बघणारे डोळेच राहिले नाहीत, आता?

चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात तो गौरवला गेला. ही रचना तीन अंकांत सहज बसते, नाट्यशास्त्राच्या पाच अवस्थांतही बसते. पण ती तक्त्यावरून आलेली नाही. एक प्रश्न निवडला आणि त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही, म्हणून ती आली. तुमच्या गोष्टीतला असा प्रश्न एका वाक्यात लिहिता येत नसेल तर कॅमेरा बाहेर काढू नका.

आता धाकट्या भावाची गोष्ट. 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ ची आणि अमोल पालेकर यांचा तिच्यावरचा चित्रपट १९९५ चा. राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर पायी चालत येतो. शाळा बंद पडल्यात जमा, ती तो सुरू करतो. फील्ड यांच्या हिशेबानं नायकाला हवं ते फार लवकर मिळालं. त्यानंतर माणसं येत राहतात. कुणाचं भांडण, कुणाचा कागद, कुणाची चोरी. शेकूची बायको स्वतःला औताला जुंपून घेते. वाडीच्या कारभाऱ्याची पोर अंजी, तिला मास्तरनं चोळी शिवून आणून दिली म्हणून कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येतं. यातला एक प्रसंग काढून टाकला तरी पुढचा अडत नाही. कार्यशाळेत ही पटकथा नेली तर पहिला शेरा पडेल, "संघर्ष कुठे आहे? नायकाला हवं काय?"

पण हाच प्रश्न मास्तरला न विचारता वाडीला विचारून पाहा. सुरुवातीला वाडीकडे काय आहे? मेंढरं आणि एकमेकांचा आधार. मग शाळा भरू लागते. सगळे मिळून तालीम बांधतात आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजे येतात. वाडीनं गाठलेली ती सर्वांत उंच जागा. तिथून उतार लागतो. कारभारी जातो. पाऊस येत नाही. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात आणि एक दिवस मास्तरही निघतो. रचना आहे, आणि ती फार काटेकोर आहे. फक्त ती एका माणसाच्या जिवावर नाही, अख्ख्या वाडीच्या जिवावर आहे. मुख्य कथेच्या ओघात येऊन जाणाऱ्या छोट्या प्रसंगाला नाट्यशास्त्र प्रकरी म्हणतं. 'बनगरवाडी' जवळजवळ सगळी प्रकरींवर उभी आहे आणि तरी विस्कटत नाही, कारण प्रत्येक प्रसंगात वाडीचं थोडं वाढतं किंवा थोडं जातं.

म्हणून पटकथा लिहायच्या आधी ठरवा, की बदल कुणात होणार आहे. माणसात, घरात, गावात की फक्त बघणाऱ्याच्या समजुतीत? गलाईच्या गोष्टीत नायक एक भाऊच असायला हवा असं नाही. आईवडील आणि कुलूप उरलेला गावाकडचा वाडाही असू शकतो. मग भावाला विजय मिळवून द्यायची गरजच राहत नाही.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' कादंबरी याच नजरेनं पुन्हा वाचा. ती १९५९ ची. गोष्ट फकिराची, पण सुरुवात त्याच्या वडिलांपासून, राणोजीपासून होते. गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी जोगणी आणताना राणोजीचा जीव जातो. आजचा कुणी सल्लागार म्हणेल, हे पूर्वकथेत ढकला, नायकाला लवकर आणा. ते ऐकलं तर फकिरा नुसता धाडसी गडी उरेल. राणोजीनं गावासाठी दिलेली किंमत आपण आधी पाहिलेली असते, म्हणून पुढे फकिरा गावाच्या भुकेसाठी उभा राहतो तेव्हा त्यामागचं देणं आपल्याला कळतं. नायक उशिरा आला, पण गोष्ट वेळेवर सुरू झाली.

तमाशानंही आपल्याला हेच शिकवलं आहे. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांचा हा मुलूख. कवलापूरच्या काळू-बाळूंनी 'जहरी प्याला' हा वग गावोगाव नेला. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, आणि वग त्यानंतर. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षक हसून, टाळ्या वाजवून तयार झालेला असतो. वग चालू असताना सोंगाड्या मध्येच कथा थांबवतो आणि कुणी तक्रार करत नाही, कारण थांबल्यावरही हाती काहीतरी पडतं. तेव्हा 'गती कमी झाली' या शेऱ्याला फार घाबरू नका. थांबलात तर प्रेक्षकाला काय दिलंत, एवढं स्वतःला विचारा.

शेवट सगळ्यांना माहीत असेल तर? १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रतापगडावर काय झालं हेही साताऱ्यातल्या पोराला सांगावं लागत नाही. अशा गोष्टीत 'पुढे काय' या उत्सुकतेवर विसंबू नका. 'कसं' आणि 'कुणाच्या डोळ्यांनी' यावर मेहनत घ्या.

कधी कधी तर रचना घटनेनंच दिलेली असते. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीत ज्यांनी पाहिला ते आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विसरणार नाहीत. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. घराघरांत माणसं फुटांत बोलत होती. सामान कधी माळ्यावर चढवायचं, जनावरं कधी सोडायची, म्हाताऱ्यांना कधी हलवायचं, हे सगळं त्या आकड्यांवर ठरत होतं. चढत जाणारा ताण म्हणतात तो हाच. या पुरावर लघुपट करताना त्यात खलनायक सावकार आणि होडीतला नायक घुसडण्याची काही गरज नाही. एका घरानं प्रत्येक पाच फुटांना काय सोडून दिलं, एवढं दाखवा.

कामाची पद्धत साधी ठेवा. दोनशे पानी वही घ्या. एका पानावर एकच प्रसंग, दोन-तीन ओळींत. मग पानं उलटत जा आणि दर दोन प्रसंगांमध्ये 'म्हणून' बसतं, 'पण' बसतं की नुसतं 'आणि मग' बसतं ते पेन्सिलीनं लिहा. सगळीकडे 'आणि मग' आलं तर दोनच शक्यता आहेत. एक तर तुमची गोष्ट अजून सापडलेली नाही, किंवा ती 'बनगरवाडी'च्या जातीची आहे आणि तिला बांधणारं दुसरं काही, एखादी जागा, एखादा ऋतू, तुम्हाला शोधायचं आहे. त्यानंतर वही मिटा आणि गोष्ट तोंडी सांगा. घरातल्या आजीला सांगा, पारावर बसलेल्यांना सांगा. सिनेमाच्या जाणकाराला आत्ता नको. ऐकणारा 'मग?' कुठे म्हणतो आणि त्याची नजर रस्त्याकडे कुठे जाते, ते लक्षात ठेवा. तक्त्यातलं तिसावं मिनिट तुम्हाला हे सांगू शकत नाही.

गॅदरिंगला आणि तालुक्याच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसणाऱ्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे. 'क्लायमॅक्स नाही' म्हणून गुण कापण्याआधी त्या मुलीनं कुणातला बदल दाखवला आहे तो शोधा. तो सापडत नसेल तर खुशाल कापा.

आणि मुलांनो, येत्या सुट्टीत दोन कामं करा. 'दो आँखें बारह हाथ' पाहताना प्रत्येक प्रसंग वहीत उतरवून काढा. मग 'बनगरवाडी' वाचा आणि तिचेही प्रसंग तसेच उतरवा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून मगच स्वतःच्या पटकथेचं पहिलं पान लिहायला बसा.