‘गोड लागत नाही’ हे ऐकणार कोण?

‘काही गोड लागत नाही’ असे सांगत एखादी बाई आरोग्य केंद्रात आली, तर नुसती रक्तातली साखर तपासून भागत नाही. झोप कधीपासून उडाली, घरात काय घडले, कर्ज कोणाच्या नावावर आहे, हे विचारावे लागते. तेही असे की सोबत आलेल्या सासूला बाहेर बसवताना बाईची पंचाईत होऊ नये. नैराश्याची लक्षणे पाठ असणे वेगळे आणि हे जमणे वेगळे. समुपदेशनाच्या पदव्युत्तर पदवीने शिकवायचे ते हेच. त्यामुळे ती पदवी कुठे आणि कोणत्या भाषेत घेतली जाते, हा प्रश्न परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातल्या येलदरीसारख्या धरणाकाठच्या गावासाठी किरकोळ नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण बंद केले. आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी २०२१ साली झालेल्या कायद्याच्या कक्षेत हा विषय येतो, हे त्यामागचे कारण. तोवर इग्नूतून एम.ए. मानसशास्त्र करता येई आणि त्यात समुपदेशन हा विशेष विषयही घेता येई. नोकरी सांभाळणाऱ्या शिक्षिकेला, लग्नानंतर पुन्हा पुस्तक हाती धरणाऱ्या मुलीला ही वाट सोयीची होती. ती बंद झाल्याची हळहळ रास्तच आहे, पण मला निर्णय योग्य वाटतो. या विद्येचा गाभा पुस्तकात नसून देखरेखीत आहे. विद्यार्थी समोरच्याशी झालेला संवाद शब्दशः लिहून काढतो आणि मार्गदर्शक त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवतो : ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे तुम्ही तिच्यासाठी म्हणालात, की तिचे रडणे तुम्हाला सोसवेना म्हणून? हा प्रश्न स्वाध्यायपुस्तिका विचारत नाही.

मात्र जुनी वाट बंद करणाऱ्याने नवी दाखवायला हवी होती, ती दाखवलेली नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला तरी तिथले दोन वर्षांचे राहणे-खाणे कोरडवाहू घराला झेपणारे नाही. झेपले तरी शिकून झालेले पोर जिंतूरला परत येईल, याची खात्री कोण देणार? येलदरीचे पाणी जसे सिद्धेश्वरमार्गे खाली वसमतकडे जाते, तशी आमची शिकलेली पिढी पुण्याकडे वाहते. परभणीत २०२३पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परभणी जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. दोघांनी मिळून परभणीत प्रत्यक्ष हजेरीचा, मराठीतून चालणारा समुपदेशनाचा अभ्यासक्रम चालवावा आणि त्यातले अनुभवाचे तास जिंतूरच्या रुग्णालयात, येलदरीच्या शाळेत, एखाद्या ग्रामपंचायतीच्या खोलीत भरावेत. मराठीचा आग्रह अस्मितेपोटी नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोळ्याला डोळा लागत नाही’, ‘जिवाला घोर लागलाय’ ही तक्रार मराठीत ऐकायची आणि तिच्यावरचा विचार मात्र इंग्रजीत करायचा, तर मधल्या मध्ये बरेच काही सांडते.

यावर पहिला आक्षेप शेतीचा येईल, आणि तो दमदार आहे. शेतकऱ्याला सल्ला नको, भाव हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२३च्या आकडेवारीत देशातल्या शेती क्षेत्रातील १०,७८६ आत्महत्यांपैकी ४,१५१ महाराष्ट्रातल्या आहेत. समुपदेशनाने सोयाबीनचा भाव वाढत नाही, आणि पडलेल्या भावाला मनाचा आजार ठरवणे तर लबाडीच. पण कर्ज असलेले सगळेच टोकाला जात नाहीत. जो जातो त्याच्या घरात कर्जासोबत दारू, अबोला, आजारपण, मुलीच्या लग्नाची चिंता असे बरेच काही साचलेले असते. धोरण बदलायला वर्षे लागतात आणि वाईट रात्र आजची असते. शिवाय चांगला समुपदेशक बँकेचा प्रश्न बँकेकडेच पाठवतो. कोणते दुखणे मनाचे आणि कोणते सातबाऱ्याचे, ही निवड करता येणे हाही प्रशिक्षणाचाच भाग.

दुसरे म्हणणे असे की एवढ्यासाठी पदव्युत्तर पदवी कशाला, आशाताई पुरेत. याला विदर्भाचा आधारही आहे. अमरावती-वर्धा भागातल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केले गेले आणि नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा आकडा मला मोठा वाटतो. पण त्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी शिकवणारे, चुका दाखवणारे आणि अवघड माणूस स्वतःकडे घेणारे लोक होते. राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पानेही विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आशांच्या हाती प्रश्नावली दिली. प्रश्नावली भरून झाल्यावर ‘हो, मरावेसे वाटते’ असे उत्तर आले, तर त्या आशाताईने त्याच संध्याकाळी कोणाला फोन करायचा? १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे आणि तो लावावाच. पण दुसऱ्या दिवशी घरी जाणारे कोणी तालुक्यातच लागते.

उरला नोकरीचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे दिली. १००चा पट तर खेड्यातली माध्यमिक शाळाही सहज गाठते. प्रत्येक शाळेला स्वतंत्र पद परवडणार नाही, हे उघड आहे. मग चार-पाच शाळांनी मिळून एक माणूस नेमावा, आठवड्याचा एक दिवस एकेका शाळेला, आणि पगार कंत्राटी तासांवर न ठेवता शिक्षकाच्या बरोबरीने द्यावा. उद्या जिंतूर तालुक्यासाठी अशा दहा जागांची जाहिरात निघाली, तर पात्रतेच्या रकान्यात बसणारे आणि येलदरीत खोली घेऊन राहायला तयार असणारे दहा अर्ज येतील का, हे विद्यापीठाने आधी मोजावे आणि त्या आकड्यावरून पहिल्या वर्षाच्या जागा ठरवाव्यात.