संशोधनातील तिसरा पाद

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेपासून घोकत आलो आहोत. चरकाचार्यांनी खुड्डाकचतुष्पाद अध्यायात प्रत्येक पादाचे चार गुण वर्णिले. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे उपस्थात्याचे गुण सांगून त्यांनी परिचारकाला वैद्याच्या पंक्तीत मानाने बसविले. रुग्णालयात या पादाचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. परंतु आपण संशोधनाच्या दालनात पाऊल ठेवतो आणि हा तिसरा पाद आपल्या दृष्टीआड होतो. प्राणिगृहात पिंजरे धुणारा, उंदरांना दाणापाणी देणारा कर्मचारी आणि वनौषधी उद्यानात वाफे राखणारा माळी हे संशोधनाचे उपस्थाते होत. आपल्या प्रबंधांत त्यांना ऋणनिर्देशातील एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ झाले, अशी स्थिती आहे. हा केवळ कृतज्ञतेचा प्रश्न नसून संशोधनाच्या सत्यतेचा आहे, हे निदर्शनास आणणे हा या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रायोगिक अभ्यासाच्या निमित्ताने मला प्राणिगृहात नियमित जाण्याचा योग आला. औषध दिलेल्या गटातील एका पिंजऱ्यातील उंदरांचे वजन दोन दिवसांत लक्षणीय घटले. आम्ही वहीत आकडे लिहिले आणि औषधाच्या कर्शन गुणाची चर्चाही आरंभिली. तेवढ्यात तेथील वयस्क मामा शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कालपासून या बाटलीतलं पाणी उतरलेलं नाही. उंदरांना औषध बाधलं नाही, ते तहानलेत." पाहतो तो बाटलीची तोटी अडली होती. मामांनी ती बदलली आणि उंदीर एकमेकांना ढकलीत पाण्यावर तुटून पडले. मामांची नजर तेथे गेली नसती, तर त्या मुक्या जिवांची तहान आमच्या प्रबंधात औषधाचा गुण म्हणून छापली गेली असती. या प्रसंगाने मी मनोमन खजील झालो. वजनाचे आकडे आम्ही दररोज घेत होतो, पण पिंजऱ्याकडे पाहत मात्र नव्हतो.

परिचारकाचा हात प्रयोगाच्या निष्कर्षात उतरतो, याला आधुनिक संशोधनानेही पुष्टी दिली आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की, छोट्या उंदरांना शेपटीला धरून उचलले असता त्यांच्यात भय व चिंता वाढते. ओंजळीत किंवा नळकांड्यातून उचलल्यास ती पुष्कळ कमी राहते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील अभ्यासाने २०१४ मध्ये त्याहून विस्मयकारक बाब पुढे आणली. पुरुष संशोधकाच्या केवळ गंधानेही उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया मंदावते. आता विचार करावा, आपण प्राण्यांवर तपासतो काय? ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांचे मेध्य, बल्य व चिंताहर कर्म! जे मोजावयाचे तेच उचलणाऱ्याच्या हाताने बदलत असेल, तर तो हात कोणाचा व कसा होता, ही नोंद प्रबंधात नको काय?

तीच गोष्ट औषध पाजण्याची. बोथट टोकाची नळी उंदराच्या मुखातून थेट जठरापर्यंत न्यावी लागते. ती चुकून श्वासमार्गात गेली आणि औषध तेथे उतरले, तर प्राणी दगावू शकतो आणि तो मृत्यू औषधाच्या विषारीपणाच्या खाती मांडला जाण्याचा धोका असतो. उपचारज्ञता आणि दाक्ष्य हे गुण येथे शब्दशः पणास लागतात. शौचाचेही तसेच आहे. तूस वेळेवर न बदलल्यास मूत्रातून उत्पन्न होणाऱ्या अमोनियाने प्राण्यांच्या श्वसनमार्गाचा दाह होतो. उंदराच्या डोळ्यांभोवती तांबूस स्राव दिसू लागला की तो रक्तस्राव असेलच असे नाही. पुष्कळदा ती ताणाची वा अस्वास्थ्याची खूण असते. रोज पिंजरा हाताळणाऱ्याला ती प्रथम दिसते. आठवड्यातून एकदा वजन घेण्यास येणाऱ्या संशोधकाला ती दिसेलच याचा भरवसा नाही.

उद्यानाची कथा निराळी नाही. शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनवासी यांना औषधींची नामरूपाने ओळख असते, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मान्य केले आहे. कल्पस्थानात मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साली, कंद व क्षीर शरदात, तर सार हेमंतात घ्यावे, असा विवेकही सांगितला आहे. अश्वगंधेची पाने पिवळी पडली व फळे लाल झाली की मूळ काढणीस आले, हे माळ्याला पंचांग न पाहता कळते. उलट आपले कित्येक पदवीधर अशोकाची साल म्हणून रस्त्याकडेच्या आसुपालवाकडे बोट दाखवितात आणि शंखपुष्पीच्या नावाखाली नेमकी कोणती वनस्पती हाती आली, याची चौकशीही करीत नाहीत. द्रव्य बाजारातून आणले, एवढ्या वाक्यावर प्रबंधातील द्रव्यसंग्रहाचे प्रकरण आटोपते. ज्या द्रव्याचा ऋतू, वय आणि अंग ठाऊक नाही, त्याच्या कर्माविषयी ठाम विधान करण्याचा अधिकार आपणास कसा पोहोचतो?

यावर कोणी म्हणतील की, नियम आहेत, समित्या आहेत. ते खरेच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती आहे, १९९८ चे प्रयोगविषयक नियम आहेत आणि संस्थेच्या नैतिक समितीची अनुमती अनिवार्य आहे. परंतु नियमाने खोलीचे तापमान राखता येते, अनुराग निर्माण करता येत नाही. आणखी कोणी म्हणतील की, पदव्युत्तर विद्यार्थ्याने पिंजरे का धुवावेत? त्यांना माझे नम्र उत्तर असे की, ज्याने रुग्णाची शय्या कधी सारखी केली नाही, त्याला रुग्णाची रात्र कळत नाही. प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाही, हा वाद स्वतंत्र आहे. मात्र जोवर आपण ते करतो, तोवर त्या जिवांचे ऋण आपल्यावर आहे. निष्काळजीपणामुळे प्रयोग व्यर्थ ठरला, तर त्यांचे दुःखही व्यर्थ गेले, हे विसरता येणार नाही.

यासाठी संघटनेने तीन गोष्टींचा आग्रह धरावा, असे मला वाटते. पहिली, प्रायोगिक विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगापूर्वी किमान एक महिना प्राणिगृहात व उद्यानात स्वहस्ते काम करावे. दुसरी, परिचारकाची व माळ्याची दैनंदिन नोंदवही प्रबंधास जोडावी आणि परीक्षकांनी ती मागून पाहावी. तिसरी, या कर्मचाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण, योग्य वेतन व सेवेची शाश्वती मिळावी. दर सहा महिन्यांनी माणूस बदलला, तर प्राण्यांना हात नवा आणि माणसाला वाफा नवा, अशी गत होते.

चार पादांपैकी एक लुळा असता चिकित्सा सिद्ध होत नाही, हे आपण रुग्णांच्या नातेवाइकांना नेहमी सांगतो. तेच वचन आपल्या संशोधनालाही लागू करण्याची वेळ आली आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपले अनुभव व मतभेद निःसंकोच कळवावेत, ही विनंती.