तोंडावरचे मुरूम आणि घरातल्यांचे तोंड



मागे याच सदरात परीक्षेच्या दिवसांतील मुलांच्या खाण्यापिण्यावर लिहिले होते. त्यानंतर दोन-तीन भगिनी भेटल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, खाण्याचे झाले, आता तोंडावरच्या मुरुमांवर लिहा. पोरगी आरशासमोरून हलत नाही आणि चार माणसांसमोर येत नाही.’’ मी कचेरीत हिशेब लिहिणारी बाई, डॉक्टर नव्हे. म्हणून टाळत होते. पण या बाबतीत माझ्या स्वतःच्या हातून एक चूक घडलेली आहे. ती उघड सांगितली तर चार घरे तरी वाचतील, असे वाटले म्हणून आज लिहिते.

माझी धाकटी लेक बारावीत होती. कपाळ, गाल, हनुवटी सगळीकडे मुरूम. काही बारीक, काही पिकलेले, काही आत गाठीसारखे ठणकणारे. मी आपले घरचे उपाय सुरू केले. लिंबू चोळले, रात्री टूथपेस्टचे ठिपके लावले, बेसनाने खसाखसा तोंड घासायला लावले, वर खोबरेल तेल. चेहऱ्याची आग व्हायची आणि मुरूम तिथेच. मग कुणीतरी एका क्रीमचे नाव सांगितले. मी कामावरून येताना मेडिकलमधून ती ट्यूब घेतली. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मीही विचारले नाही.

आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत झाला. रंगही उजळला. वस्तीतल्या बायका विचारू लागल्या, ‘‘काय लावते हो तुमची?’’ मी मोठ्या कौतुकाने तीन घरांत त्या ट्यूबचे नाव सांगितले.

तीन महिन्यांनी खरा प्रकार दिसू लागला. एक दिवस क्रीम लावले नाही की तोंड लालबुंद, भाजल्यासारखी आग. मुरूम पहिल्यापेक्षा जास्त. गालावर बारीक लव वाढलेली. तेव्हा कुठे मी रजा टाकली आणि तिला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यातील त्वचाविभागात गेले. डॉक्टरबाईंनी ट्यूब हातात घेतली, बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, ‘‘यात स्टिरॉइड आहे. कुणी दिले हे?’’ मी मान खाली घातली. लेक पटकन म्हणाली, ‘‘मीच आणले, मॅडम.’’ आईची लाज राखायला ती खोटे बोलली. ते मला अजून बोचते.

त्याच संध्याकाळी मी त्या तीनही घरी गेले आणि सांगितले की मी चुकीचे सांगितले. एका घरी ट्यूब अजून चालू होती.

ट्यूबवर काय लिहिले आहे?

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. काही त्वचारोगांत ते लागते, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतेच. ते सूज व लाली दाबते, म्हणून सुरुवातीला चेहरा छान दिसतो. पुढे मात्र कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि मुरूम उसळतात. आपल्या देशात हे इतके झाले की त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असे नावच दिले. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने मलमांतील १४ स्टिरॉइडे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम कागदावर आहे. तो पाळून घेणे आपल्याही हातात आहे.

म्हणून घरात असलेली प्रत्येक ट्यूब उजेडात धरून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टिरॉइड आहे. ‘गोरे करणारी’ म्हणून जी मिश्रणाची क्रीमे चालतात, त्यांत हे बऱ्याचदा असते. पण बरेच महिने लावत आला असाल तर घाबरून एकदम फेकून देऊ नका. एकदम बंद केल्याने चेहरा फार भडकतो. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, ते कसे सोडवायचे ते सांगतील.

मुरूम का येतात?

आपल्या कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरातील बदलांमुळे त्या जास्त तेल सोडू लागतात. तेल आणि मेलेली कातडी मिळून छिद्राचे तोंड बंद होते. आत जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. एवढेच आहे. ‘रक्त खराब आहे’, ‘पोरगी स्वच्छ राहत नाही’, ‘लग्न झाले की जातील’, यांतले काही खरे नाही. उलट तोंड घासून घासून कातडी सोलली तर त्रास वाढतो. तेलकट खाल्ले की मुरूम आलेच, असेही सरळ गणित नाही. फार गोड खाणे आणि गोड थंड पेये यांनी काहींचे वाढतात, तेवढे सांभाळावे. मुलीची पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर राठ केसही येत असतील, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगावे, कारण त्याची वेगळी तपासणी लागते.

औषध सुरू झाल्यावरची खरी परीक्षा

स्टिरॉइडचा परिणाम ओसरेपर्यंत काही आठवडे गेले. मग लेकीला रात्री लावायला अडापेलिनचे जेल आणि दिवसा लावायला बेन्झॉइल परॉक्साइड दिले. मुरुमांवरची ही जुनी, खात्रीची औषधे. पण दुसऱ्याच आठवड्यात तिची कातडी कोरडी पडली, ओठांच्या कडेला पापुद्रे निघाले, पाणी लागले तरी चुरचुरे. दोन-चार नवे मुरूमही आले. तिने जेल फळीवर फेकले. ‘‘आई, यापेक्षा मी आधी बरी होते. मला नाही लावायचे.’’

पुष्कळ मुले इथेच औषध सोडतात. आणि पुन्हा त्या आठ दिवसांत गुळगुळीत करणाऱ्या ट्यूबकडे वळतात. आम्ही मात्र पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिले काही आठवडे असे होते, फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. आणि तिची लावण्याची पद्धत विचारून तिच्या चुका दाखवल्या. त्या सगळ्यांच्याच होतात, म्हणून क्रमाने सांगते.

१) औषध मुरुमावर ठिपक्यासारखे लावायचे नाही आणि चेहराभर थापायचेही नाही. सबंध चेहऱ्याला वाटाण्याएवढे पुरते. मी कॉमर्सवाली, म्हणून हिशेब करून बघितला. वाटाण्याएवढे म्हणजे साधारण पाव ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब रोज लावली तरी दोन महिन्यांच्या आसपास जायला हवी. आमची तीन आठवड्यांत संपत आली होती! पैसेही गेले आणि कातडीही.

२) चेहरा सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदाच धुवावा. अंगाचा उग्र साबण, स्क्रब, लिंबू बंद. टॉवेलने पुसताना रगडू नये, टिपावे. चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी औषध लावावे. ओल्या कातडीला ते जास्त झोंबते.

३) डोळ्यांच्या कडा, नाकाचे कोपरे आणि ओठ सोडून लावावे. ओठांना पेट्रोलियम जेली लावून ठेवावी.

४) औषधानंतर मॉइश्चरायझर लावलाच पाहिजे. ‘मुरूम आहेत, मग वर क्रीम कशाला’ हा गैरसमज आहे. तेल छिद्रात असते आणि कोरडेपणा वरच्या कातडीला असतो, दोन्ही एकाच वेळी असू शकतात. वास नसलेला, हलका, ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेला घ्यावा, म्हणजे छिद्रे न बुजवणारा. खोबरेल तेल डोक्याला ठेवा, ते चेहऱ्यावर छिद्रे बुजवते.

५) कातडी फारच नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा थोडा मॉइश्चरायझर. आणि सुरुवातीला रात्रीचे जेल एक दिवसाआड. दोन-तीन आठवड्यांत सवय झाली की रोज. आमच्या लेकीला यानेच उतार पडला.

६) फार आग झाली तर औषध दोन-तीन दिवस थांबवून नुसता मॉइश्चरायझर लावावा, मग पुन्हा सुरू करावे. पण चेहरा सुजला, फोड आले किंवा खूप खाज सुटली तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवावे.

७) या औषधांवर ऊन लवकर लागते. सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावावे, शिवाय छत्री किंवा टोपी. उन्हाने मुरुमांचे काळे डागही गडद होतात. स्कार्फ बांधत असाल तर तो सैल बांधा आणि रोज धुवा.

८) उपचार चालू असताना ब्लीच, फेशियल नको. चेहऱ्यावर वॅक्सिंग तर नकोच, मेणाबरोबर कातडी निघते.

९) बेन्झॉइल परॉक्साइड कपड्याचा रंग उडवते. आमच्या घरात सगळ्यांचा एकच मोठा टॉवेल. त्यावर पांढरे डाग पडले तेव्हा धाकट्याने घर डोक्यावर घेतले. मुलीला एक जुना पांढरा टॉवेल आणि पांढरा उशीचा अभ्रा वेगळा काढून द्या. कॉलेजचा गणवेश चढवण्याआधी औषध वाळू द्या.

गोळ्यांविषयी दोन गंभीर गोष्टी

मुरूम जास्त असले तर डॉक्टर गोळ्या देतात. डॉक्सिसायक्लिन असेल तर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. हीही गोळी उन्हाला नाजूक करते. मनाने महिनोन् महिने घेऊ नये.

दुसरी आयसोट्रेटिनॉइन. मोठ्या गाठी आणि खड्डे पडणाऱ्या मुरुमांवर हे फार गुणकारी औषध आहे, पण गर्भातील बाळाला ते भयंकर इजा करते. म्हणून ज्या मुलीचे लग्न ठरत आहे किंवा झाले आहे, तिने ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगितलीच पाहिजे. गोळी सुरू करण्याआधी एक महिना, चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना दिवस जाता कामा नयेत. या काळात रक्तदानही करायचे नाही. आपल्याकडे जयंतीला रक्तदान शिबिरे होतात, मुले उत्साहाने पुढे येतात, म्हणून मुद्दाम सांगते. ही गोळी घेताना ओठ, डोळे, नाक कोरडे पडते, त्याचे उपाय डॉक्टरांना विचारावेत. आणि शेजारणीची उरलेली गोळी कधीही घेऊ नये. अडापेलिन, ट्रेटिनॉइनची जेलसुद्धा गरोदरपणात लावत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

खर्चाचे म्हणाल, तर मुंबईत केईएम, नायर, शीव, जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत त्वचाविभाग आहेत. इतर ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात चौकशी करावी. रांग मोठी असते, एक खाडा पडतो. पण मी घरगुती उपायांवर आणि ट्यूबांवर जे उधळले ते मांडून बघितले, तर त्या खाड्याचे पैसे त्यात केव्हाच निघाले असते.

आता घरातल्यांच्या तोंडाविषयी

मुरुमांचा सगळ्यात मोठा घाव गालावर नसतो. आमच्या लेकीला शिष्यवृत्तीच्या अर्जात फोटो टाकायचा होता. आज नको, उद्या काढू, असे करत तिने मुदतीचा शेवटचा दिवस आणला. का, तर फोटोत तोंड दिसेल. एका फोटोपायी तिचे वर्षाचे पैसे बुडत होते. तेव्हा मला माझीच वाक्ये आठवली. ‘‘हात लावू नको म्हटले ना!’’ ‘‘असे तोंड घेऊन लग्नाला येतेस?’’ पाहुण्यांसमोर, ‘‘आधी किती गोरी होती हो!’’ आणि मी तिला ती ट्यूब आणून दिली ती मुरुमांसाठी की रंगासाठी? प्रामाणिकपणे सांगते, रंग उजळलेला बघून मीच जास्त खूश झाले होते. माणसाची किंमत त्याच्या कातडीवरून करू नये, हे मी सभेत बोलते. घरात मात्र माझ्या तोंडून तेच निघत होते.

मुलांचेही असेच आहे. मुलगा बोलत नाही, नुसता टोपी ओढून बसतो. त्यालाही दवाखान्यात न्या. मूल गप्प गप्प राहू लागले, खाणे-झोप तुटली, जगण्याला कंटाळल्यासारखे बोलू लागले, तर ते नाटक समजू नका. तेही डॉक्टरांना सांगा.

लेकीचा तो अर्ज शेवटच्या दिवशी रात्री भरला. फोटो तिच्या भावाने दारातच मोबाईलवर काढला. आज ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चेहरा पुष्कळ निवळला आहे. काळे डाग फिके पडायला महिने लागले, डाव्या गालावर दोन खड्डे राहिले आहेत. रात्रीचे जेल डॉक्टरांच्या सल्ल्याने अजून चालू आहे, कारण एकदम सोडले की मुरूम परततात. खड्ड्यांबद्दल तिला विचारले तर म्हणते, ‘‘आई, तुझ्या ट्यूबपेक्षा बरे आहेत.’’ मी काही बोलत नाही.

एवढे करा. हा अंक खाली ठेवल्यावर घरातल्या ट्यूबा काढा, उजेडात त्यांची नावे वाचा. आणि मुलगी कॉलेजातून आली की तिच्या तोंडाकडे न बघता आधी विचारा, आज काय शिकलीस?