तंबू कोणाचा, संघ कोणाचा?

गेल्या १३ डिसेंबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर लिओनेल मेस्सी आला आणि थोड्याच वेळात निघूनही गेला. हजारो रुपयांची तिकिटे काढून आलेल्या प्रेक्षकांना त्याच्याभोवती कोंडाळे केलेल्या मान्यवरांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. मग बाटल्या भिरकावल्या गेल्या, खुर्च्या उखडल्या गेल्या, मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांना जाहीर माफी मागावी लागली, चौकशी समिती नेमली गेली आणि संयोजकाला अटक झाली. मी हे सारे घरी बसून पाहत होतो. आयुष्याची तीसएक वर्षे सरकारी नोकरीत गेल्यामुळे अशा वेळी बंदोबस्तातील चुका आधी नजरेत भरतात, त्या भरल्याच. परंतु मन बेचैन झाले ते निराळ्याच विचाराने. त्या मैदानावर डिसेंबरच्या मध्यापर्यंत लीगचे कितीतरी सामने होऊन गेलेले असायला हवे होते. प्रत्यक्षात इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरूच झाला नव्हता. पाहुणा नीट दिसला नाही म्हणून शहर खवळले. घरचा खेळ महिनोन्‌महिने खोळंबला होता, त्याचा राग मात्र एवढ्या मोठ्या आवाजात कुठे ऐकू आला नाही.

पुढे काही लिहिण्याआधी माझा पक्षपात सांगून टाकणे उचित होईल. मी ईस्ट बेंगालचा. वडील विक्रमपूरचे, फाळणीनंतर जादवपूरच्या निर्वासित वसाहतीत त्यांनी संसार मांडला आणि तांबड्या-पिवळ्या रंगाची निष्ठा आम्हा भावंडांना घराण्याच्या आडनावासारखी आपसूक मिळाली. आमचा संघ जिंकला की घरी इलिश मासा यायचा आणि मोहन बागान जिंकला की समोरच्या ‘घटी’ कुटुंबात कोळंबी शिजायची, हे बाहेरच्यांना दंतकथेसारखे वाटते. आम्ही ते खाल्ले आहे. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात आम्ही मोहन बागानला ५-० असे हरवले, तेव्हा मी शाळकरी होतो. आज साठी ओलांडूनही तो आकडा माझ्या रक्तदाबावर चांगला परिणाम करतो. सबब, मोहन बागानविषयी मी काही बरे लिहिले तर ते पुराव्यानिशीच लिहिले आहे, असे वाचकांनी समजावे.

महाराष्ट्रातील वाचकांना प्रश्न पडेल, की क्रिकेटच्या देशात एका शहरातील तीन फुटबॉल क्लबांचे एवढे काय? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला उलटे वाटते. या शहराचा विसाव्या शतकातील सामाजिक इतिहास या तीन क्लबांना वगळून लिहिताच येणार नाही. मोहन बागानची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आयएफए शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्ली दरबारात बंगालची फाळणी रद्द झाली. या दोन घटनांचा कार्यकारणभाव जोडणारे लोक आजही चहाच्या टपरीवर भेटतात. माझ्या प्राध्यापकांनी असे विधान तांबड्या शाईने खोडले असते. तरीही लोकांना तसे वाटले, ही गोष्ट इतिहासाचाच भाग आहे. ईस्ट बेंगालचा जन्म १९२० चा. जोडाबागान क्लबाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात पूर्व बंगालच्या एका खेळाडूला डावलले, त्या अपमानातून तो झाला. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. तोवर एकाही भारतीय क्लबाला ती जिंकता आली नव्हती. विजेत्या संघात आपले प्रतिबिंब पाहणारा एक अवघा समाज त्या वर्षांत मैदानावर लोटत असे.

या क्लबांना स्वतःची म्हणावी अशी जमीनही नाही. कोलकात्याचे मैदान लष्कराच्या अखत्यारीत आहे. क्लबांची कचेरी म्हणजे ‘तंबू’, आणि तिथे पक्के बांधकाम करायचे तर लष्कराची परवानगी हवी. पूर्वी हीच सर्वांत मोठी अडचण समजली जाई. आज वाटते, निदान तंबू तरी सभासदांचा होता.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा शंभर वर्षांच्या या क्लबांना बाहेर ठेवून शहराला एक नवा कोरा संघ देण्यात आला. त्याने तीनदा विजेतेपद मिळवले. तरीही त्याच्यासाठी कोणी घरी मासा आणला असेल असे मला वाटत नाही. २०२० मध्ये त्या संघाच्या मालक उद्योगसमूहाने मोहन बागानच्या फुटबॉल विभागात ८० टक्के हिस्सा घेतला आणि दोन्ही नावे जोडून ‘एटीके मोहन बागान’ असे विचित्र बारसे केले. पाठीराख्यांनी जवळजवळ तीन वर्षे निदर्शने केली, फलक झळकावले, सामन्यांवर बहिष्कार टाकला. अखेर मार्च २०२३ मध्ये अंतिम सामना जिंकल्यावर मालकांनी ती तीन अक्षरे काढण्याची घोषणा केली.

क्रीडादृष्ट्या मोहन बागानचे भले झाले, हे मान्य करावेच लागेल. २०२३-२४ मध्ये लीग शील्ड, २०२४-२५ मध्ये शील्ड आणि चषक दोन्ही. पैसा वेळेवर येतो, खेळाडूंची निवड जाणकार करतात, प्रशिक्षण केंद्र चालते. पण त्याच संघाने २०२४ मध्ये तब्रीझला आणि २०२५ मध्ये इस्फहानला, असे लागोपाठ दोनदा इराणला जायचे नाकारले आणि दोन्ही वेळा आशियाई स्पर्धेतून तो बाद ठरला. खेळाडूंच्या सुरक्षिततेची चिंता खरी असेलही. तिच्याविषयी दुरून मत देणे सोपे आहे. परंतु १९११ चा वारसा सांगणारा क्लब आशियात खेळणार की नाही, हे ठरवताना सभासदांना विचारण्याचे कोणाला सुचले नाही, कारण विचारण्याची वाटच करारात ठेवलेली नाही.

आमच्या तंबूतील कथा याहून करुण, आणि थोडी हास्यास्पदही. २०१८ मध्ये एक गुंतवणूकदार आला, दोन वर्षांत गेला. २०२० मध्ये श्री सिमेंट आली. प्राथमिक करारावर सह्या झाल्या, अंतिम करारावर क्लबाचे जुने कारभारी सही करीनात. मालकी हवी पण पैसा दुसऱ्याचा, असा तो हट्ट होता. समोरच्या पक्षाला पैशाबरोबर सगळेच हवे होते. जुलै २०२१ मध्ये क्लबाच्या दारात पाठीराख्यांचे दोन गट एकमेकांना भिडले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ज्या कराराचा मसुदा कोणाही सामान्य सभासदाने वाचलेला नव्हता, त्यासाठी सभासदांची डोकी फुटत होती. शेवटी तोडगा निघाला तो राज्य सचिवालयात, मुख्यमंत्र्यांसमोर. एका खासगी क्लबाच्या करारासाठी राज्याच्या प्रमुखाने मध्यस्थी करावी, हे फुटबॉलच्या लोकप्रियतेचे लक्षण म्हणून तेव्हा मिरवले गेले. मी फायलींमध्ये आयुष्य घालवलेला माणूस. मला त्यात एका संस्थेचे दिवाळे दिसले. वर्षभरात तोही गुंतवणूकदार गेला, आता इमामी समूह आहे. दरम्यान लीगमधील आमची स्थाने अशी: नववे, अकरावे, नववे, नववे, नववे. जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला सुपर कप जिंकला तेव्हा बारा वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरचा चषक घरी आला. त्या रात्री मी रडलो, हे पत्नीने पाहिले आहे. म्हणून कबूल करतो.

आमच्या मुलींचा संघ मात्र २०२४-२५ ची इंडियन विमेन्स लीग जिंकून मोकळा झाला. इलिशचा मान खरे तर त्यांचा होता.

मोहमेडन स्पोर्टिंगविषयी थोडक्यात लिहितो, कारण विस्ताराने लिहिणे क्लेशदायक आहे. २०२३-२४ ची आय-लीग जिंकून हा क्लब मोठ्या दिमाखात वर आला आणि पहिल्याच हंगामात तळाला गेला. गुंतवणूकदारांशी वाद, थकलेले पगार, सरावावर बहिष्कार, असे सारे त्या एका वर्षात घडले. १९३४ च्या संघाची कीर्ती ज्यांच्या आजोबांनी सांगितली, ती मुले अर्ध्या रिकाम्या कठड्यांवर बसून हे पाहत होती.

फ्रँचायझी नावाची वस्तू मुळात काय आहे, हे पुणेकरांना मी सांगायला नको. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळली गेली आणि तिची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. २०२५ मध्ये तोही संघ उठून दिल्लीला गेला. पुण्याच्या मैदानावर ज्यांनी घसा कोरडा केला, त्यांनी आता कोणाच्या नावाने ओरडायचे? गोव्यात धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब या नामवंत क्लबांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगच सोडली. कोलकात्याचे क्लब अजून उभे आहेत ते सामान हलवता येत नाही म्हणून. पाठीराखा हेच ते सामान.

क्रिकेटचा इथे ओझरता उल्लेख पुरे. कोलकाता नाइट रायडर्सने २०१२, २०१४ आणि २०२४ मध्ये आयपीएल जिंकली, शहराने मनसोक्त गुलाल उधळला. २०११ मध्ये सौरभ गांगुलीला वगळले तेव्हा हेच शहर संतापले होते, पण लवकरच निवळले. त्या संघाशी आमचे नाते करमणुकीचे आहे आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक आहे. तिथे फसवणूक नाही. बंगालच्या रणजी संघाला १९८९-९० नंतर विजेतेपद मिळालेले नाही, याचे दुःख करणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे उरले आहेत.

फुटबॉलचे दुःख खोल आहे, कारण त्यात माणसे गेली आहेत. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बेंगाल सामन्यात दंगल उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक मरण पावले. मी तेव्हा एमएचा विद्यार्थी होतो. वसाहतीतील कितीतरी मुले त्या दिवशी सामन्याला गेली होती आणि ती सारी परतेपर्यंत आया गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. आजही त्या तारखेला शहरात रक्तदान होते. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १८ ऑगस्ट २०२४ रोजी, दुसरा प्रसंग घडला. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या बलात्कार व हत्येमुळे शहर पेटलेले होते आणि बंदोबस्त पुरणार नाही म्हणून ड्युरँड चषकातील याच दोन संघांचा सामना रद्द झाला. तेव्हा तिन्ही क्लबांचे पाठीराखे सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर पावसात एकत्र आले आणि त्यांनी त्या डॉक्टरसाठी न्याय मागितला. मोहन बागानच्या मुलाच्या खांद्यावर ईस्ट बेंगालचा मुलगा बसलेला मी आयुष्यात प्रथम पाहिला. ज्यांना आपण ‘बाजारपेठ’ म्हणतो ते लोक हे.

याच लोकांना कायद्यात कुठेही जागा नाही. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ मध्ये संमत झाला. महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना स्थान मिळाले, ही चांगलीच गोष्ट. प्रेक्षकांचा, क्लबांच्या सभासदांचा त्यात विचार नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा लीग चालवणाऱ्या कंपनीबरोबरचा पंधरा वर्षांचा करार संपत आला, नूतनीकरण होईना, जुलै २०२५ मध्ये लीग थांबवली गेली. पुढे निविदा काढली तर एकही बोली आली नाही. आता केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारी ही तारीख जाहीर केली आहे. या अवधीत भारताचा संघ ढाक्यात बांगलादेशाकडून १-० असा हरला. माझ्या वडिलांच्या ढाक्यात! ते हयात असते तर कोणत्या बाजूने हळहळले असते, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

जर्मनीत क्लबाच्या मतांपैकी निम्म्याहून एक अधिक सभासदांकडे ठेवण्याचा दंडक आहे. आपल्याकडे ती वेळ निघून गेली. ८० टक्के विकल्यावर ५१ परत मागण्यात अर्थ नाही. पण काही गोष्टी अजून मागता येतील. क्लबाचे नाव, रंग, बोधचिन्ह आणि शहर सभासदांच्या मतदानाशिवाय बदलता कामा नये. संघ चालवणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळावर सभासदांनी निवडलेले दोन जण असावेत. गुंतवणूकदाराबरोबरचा करार सह्या होण्यापूर्वी सभासदांपुढे वाचला जावा. लीगचा परवाना देताना महासंघाने या अटी घातल्या तर संसदेत जाण्याचीही गरज नाही. आणि आमच्या जुन्या कारभाऱ्यांनी, जे दशकानुदशके खुर्च्या सोडत नाहीत, सभासदांच्या आड लपून स्वतःची गादी राखणे थांबवावे. मालकांइतकाच दोष त्यांचाही आहे, आणि ईस्ट बेंगालच्या बाबतीत मी म्हणेन, थोडा अधिकच.

डिसेंबर २०२४ च्या अखेरच्या दिवशी बंगालने हैदराबादेत केरळला १-० असे हरवून तेहतिसाव्यांदा संतोष करंडक जिंकला. गोल रबी हांसदाचा. स्पर्धेत त्याचे बारा गोल झाले. त्या संघातील मुलांना राज्य सरकारने पोलिसांत नोकऱ्या दिल्या. एके काळी पी. के. बॅनर्जींसारखा खेळाडू तिन्ही मोठ्या क्लबांत कधीही न खेळता ईस्टर्न रेल्वेची नोकरी सांभाळून भारतासाठी ऑलिंपिक खेळला. त्यामुळे नोकरीला मी नावे ठेवणार नाही. प्रश्न एवढाच, की व्यावसायिक लीग येऊन अकरा वर्षे झाल्यावरही बंगालच्या सर्वोत्तम गोलकर्त्याचे भविष्य पोलीस खात्याच्या नेमणूकपत्रानेच सुरक्षित व्हावे?

मी माझ्या सभासदत्वाची वर्गणी या महिन्यात भरली आहे. त्या कार्डावर मला कार्यकारिणीच्या निवडणुकीत मत देता येते. संघाचा प्रशिक्षक कोण असावा, संघ कोणाला विकावा, याविषयी त्या कार्यकारिणीलाही फारसे मत उरलेले नाही. फेब्रुवारीतील सामन्यांची तिकिटे अजून विक्रीस आलेली नाहीत. आली की नातवासह रांगेत उभा राहीन. त्याला मोहन बागान आवडू लागले आहे, अशी कुणकुण कानावर आली आहे. त्याविषयी त्याच्या आईशी बोलणी चालू आहेत.