गाठोडे बांधण्यापूर्वी

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून घराकडे निघालेल्या कामगाराला सोनेगावच्या विमानतळावर उतरणारे विमान दिसले, तर त्याचे त्याला आता नवल वाटत नाही. त्याच्याच आळीतील कोणी ना कोणी विमानाने परदेशी जाऊन आलेला असतो. कोणी आखातात जोडकामासाठी जातो. कोणाची लेक अमेरिकेत बाळंत व्हावयाची असते म्हणून आई निघते. कोणाचा मुलगा ऑस्ट्रेलियात शिकतो. ज्या घरातून मागल्या पिढीत पंढरपूरच्या वारीपलीकडे कोणी गेले नव्हते, त्या घराची ही झेप अभिनंदनीयच होय. परंतु विमानतळावर या प्रवाशाला दोन टेबलांपुढे उभे राहावयाचे असते. पहिल्यावर त्याचे कागद पाहिले जातात, दुसऱ्यावर त्याचे सामान. या दोन टेबलांची ओळख त्याला घरून निघण्यापूर्वी करून द्यावयाची कोणी, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. २०१९ च्या जुलैत मुंबईचे एक तरुण जोडपे दोह्याच्या विमानतळावर उतरले. नात्यातील एका बाईने विश्वासाने सोपविलेले पुडके त्यांच्या सामानात होते. त्यात चरस निघाला. दोघांस दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांचे अपत्य त्या तुरुंगातच जन्मास आले. पुढे भारतात तपास झाला, तेथील न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली व २०२१ च्या एप्रिलमध्ये ती मायदेशी परतली. न्याय मिळाला हे खरे. पण त्यासाठी जवळजवळ पावणेदोन वर्षे कैदेत गेली. "एवढे आमच्या पोराला नेऊन द्या" ही विनंती मोडणे आपल्याकडे माणुसकीला सोडून समजले जाते. आमचे स्पष्ट मत असे की, जे पुडके आपण स्वतः उघडून पाहिले नाही ते, देणारा सख्खा मामा असला तरी, नेऊ नये. सामान ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची, हाच न्याय जगातील प्रत्येक विमानतळावर चालतो.

अपराध करण्याची इच्छा नसतानाही माणूस अपराधी ठरू शकतो. अनारशावरची खसखस किंवा सावजी मसाल्यात वाटलेली खसखस हा आपल्याकडे स्वयंपाकघरातील निरुपद्रवी जिन्नस. परंतु ती अफूच्या बोंडातील असल्यामुळे संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत तिला बंदी आहे. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन आणि वेदनाशामक ट्रॅमाडॉल यांवरही तेथे कडक नियंत्रण आहे. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ वेष्टनातील औषध आणि त्या देशाच्या नियमांची आगाऊ चौकशी या तीन गोष्टी हव्यातच.

लेकीकडे जाणाऱ्या आईला पिशवीत चार नागपुरी संत्री आणि कढीपत्त्याच्या दोन काड्या घ्याव्याशा वाटणारच. अमेरिकेत त्या दोन्हींस मज्जाव आहे आणि त्याचे कारण आमच्या संत्रा बागाइतदारांना कोणी समजावून सांगावयास नको. कोळशीने काळवंडलेली बाग त्यांनी पाहिली आहे. कढीपत्त्यावर जगणारी एक बारीक कीड संत्रावर्गीय झाडांचा दुर्धर रोग पसरविते. २००५ साली फ्लोरिडात त्या रोगाचा शिरकाव झाला आणि तेथील बागांची धूळधाण झाली. फळ सोबत असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले, तर फार तर ते काढून घेतात. लपविले, तर दंड होतो. या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे कायदे तर अधिकच कडक आहेत.

आता कागदांकडे वळू. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले असल्यामुळे येथे आमच्या जुन्या पेशाचा एक दोष कबूल करणे प्राप्त आहे. मुलाला शाळेत घालताना बापाला जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहून मोकळे होत. आज साठी उलटलेले कित्येक आजी-आजोबा कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले आहेत, ते यामुळे! दाखल्यावर एक तारीख, आधारपत्रावर दुसरी आणि पासपोर्टावर तिसरी असली, तर खुलासा करताना नाकी नऊ येतात. तीच गत नावाची. आपले नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव यांचा क्रम तिकिटावर पासपोर्टाप्रमाणेच हवा. पासपोर्टाची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, असाही पुष्कळ देशांचा आग्रह असतो. उतरावयाच्या घराचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. अधिकारी विचारील तेवढ्याच प्रश्नाचे खरे व थोडक्यात उत्तर द्यावे. भाषा समजली नाही, तर मान न डोलविता दुभाषा मागावा.

दहावी उत्तीर्ण न झालेल्या मजुराने तर विशेष सावध राहिले पाहिजे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने अशा मजुराला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावयास लावली, ती त्याच्या रक्षणासाठी. ती टाळण्यासाठी दलाल त्याला पर्यटकाच्या व्हिसावर पाठवितात. विमानतळावर अडला तर पैसे बुडाले; न अडता पोहोचला तर परक्या देशात त्याच्या कामाला कायद्याचा आधार नाही. दलालाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे की नाही, हे पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नये.

परतीच्या वाटेवर प्रश्न येतो तो सोन्याचा. वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून येणाऱ्या पुरुषास २० ग्रॅम व स्त्रीस ४० ग्रॅम दागिन्यांची करमाफी आहे. चार दिवसांच्या सहलीवरून येणाऱ्यास ती नाही. येथूनच दागिने घालून जाणाऱ्या स्त्रीने निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून तसा दाखला घ्यावा. इतर वस्तूंच्या करमाफीची मर्यादा वेळोवेळी बदलत असते. ती निघण्यापूर्वी विचारून घ्यावी. कर लागणारी वस्तू जवळ असेल, तर सरळ लाल वाटेने जावे. आणि हेही ध्यानी असावे की, १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने प्रवाशाला हक्कही दिले आहेत. झडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यापुढे अथवा दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची मागणी त्याला करता येते, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची असते.

हे सारे नियम आंतरजालावर उपलब्ध आहेत, असे सरकार म्हणेल. पण ते बहुतांशी इंग्रजीत आणि कायद्याच्या भाषेत आहेत. ज्याला त्यांची सर्वाधिक गरज, त्यालाच ते वाचता येत नाहीत. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. मात्र त्याच तत्त्वाने कायदा लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत नेण्याचे कर्तव्यही शासनावर येते. पासपोर्टाबरोबर प्रत्येकाच्या हाती चार पानांची सोपी मराठी पुस्तिका पडावी, ग्रामपंचायतीच्या फलकावर तिचा सारांश लागावा आणि नववी-दहावीच्या वर्गात एक तास या विषयाला मिळावा. याला फार मोठा खर्च लागणार नाही. तोवर, शिकल्यासवरल्या शेजाऱ्याने निघणाऱ्याच्या घरी एक संध्याकाळ बसून त्याचे कागद वाचावेत आणि पिशवी त्याच्यासमोर उघडून पाहावी. दाराशी हळदकुंकू लावून निरोप देण्याइतकेच हेही शेजारधर्माचे काम आहे.