वाढीव अश्वशक्तीचे कागदी घोडे

मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्या साधनांचा बाजार आता मोजक्या गॅरेजांपुरता उरलेला नाही. एअर फिल्टर, चिप, रिमॅप, पेडल बॉक्स अशा नावांनी ही साधने ऑनलाइनही सर्रास विकली जातात. काही हजार रुपयांत अश्वशक्ती वाढेल आणि वर मायलेजही सुधारेल, असे दुहेरी आमिष त्यासोबत असते. या दाव्यांमागचे गणित तपासण्याची तसदी मात्र ग्राहक क्वचितच घेतो.

इंजिनाची ताकद म्हणजे ठरावीक वेळात किती हवा आणि इंधन जळते, याचा हिशेब. टर्बोचार्जर नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात हवेचे प्रमाण मुख्यतः सिलिंडरच्या आकारमानाने बांधलेले असते. कंपनीचा फिल्टर स्वच्छ असेल, तर त्याचा अडथळा मुळातच अल्प. महागडा फिल्टर बसवून वाचणार तो किती? अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत तर आधुनिक पेट्रोल मोटारींचा फिल्टर तुंबल्यावरही मायलेज लक्षणीय घटले नाही. वेग पकडायला तेवढा उशीर लागला. पेडल बॉक्सचे कामही असेच. पाय थोडा दाबताच थ्रॉटल अधिक उघडतो, म्हणून गाडी चपळ भासते. कमाल ताकद होती तेवढीच राहते.

डायनोचा आलेख कितपत विश्वासार्ह?

पुरावा म्हणून विक्रेते 'डायनो'वरील आलेख पुढे करतात. कंपनी इंजिनाची ताकद क्रँकशाफ्टपाशी मोजते, तर गॅरेजातील डायनो ती चाकांपाशी मोजतो. मधल्या गिअरबॉक्स आदींत होणारी घट साधारण १५ टक्के धरली जाते. हा आकडा अंदाजाचा असल्याने तो जरा वाढवला, तरी कागदावर अश्वशक्ती वाढते. हवेचे तापमान १० अंशांनी उतरले, की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे दुपारी 'आधीची' आणि पहाटे 'नंतरची' चाचणी घेतली आणि तापमानाची दुरुस्ती नीट केली नाही, तर काहीही न बदलता ८५ अश्वशक्तीच्या मोटारीत दोन-अडीच अश्वशक्तीची 'वाढ' दिसू शकते.

सगळेच दावे पोकळ आहेत, असे नाही. टर्बो इंजिनात रिमॅप करून हवेचा दाब वाढवला, की ताकद खरोखरच वाढते. पण कंपनीने राखलेली ती मर्यादा निष्कारण नसते. निकृष्ट इंधन, उन्हाळ्यातील उष्मा, घाटातील चढण, क्लच व गिअरबॉक्सची सहनशक्ती आणि प्रदूषणाचे निकष यांसाठी तो राखीव वाव असतो. रिमॅप तोच वाव खर्ची घालतो. पुढे टर्बो किंवा क्लच निकामी झाला, तर वॉरंटी नाकारली जाण्याचा धोका असतो आणि भुर्दंड मालकालाच बसतो.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद केली.

मायलेजच्या दाव्यांची कथा याहून वेगळी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. त्यांपैकी मोजक्यांनीच किंचित फरक दाखवला. इंधनाची लक्षणीय बचत एकानेही केली नाही.

तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी ग्राहकाने काही साधे प्रश्न विचारावेत. चाचणी एकाच मोटारीवर, एकाच डायनोवर, सारख्याच तापमानात झाली का? ती किती वेळा झाली? आणि इंजिन बिघडल्यास भरपाईची लेखी हमी विक्रेता देणार का? यांपैकी शेवटच्या प्रश्नावर विक्रेता गप्प बसला, तर दाव्याचे मोल तिथेच कळते.